डोळे उघडे, पण प्रतिसाद नाही: मेंदूतल्या जोडण्या मोजून नक्की काय कळतं?

संथवाहिनी

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मेंदूच्या स्कॅनमधून निघणारा डेटा साफ करायचा आणि त्याचं विश्लेषण करायचं, हे माझं रोजचं काम. परवा दुसऱ्या एका धाग्यावर "कोमातल्या माणसाला ऐकू येतं का" यावर बराच काथ्याकूट झाला. तिथे कोणीतरी लिहिलं, "आता मशीनच सांगतं की आत कोणी आहे की नाही." मशीन असं काही सांगत नाही. ते काय सांगतं आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, त्यासाठी हा वेगळा धागा.

खरा कोमा सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. माणूस दगावतो, शुद्धीवर येतो, नाहीतर मधेच कुठेतरी अडकतो. म्हणजे डोळे उघडतात, झोप-जागेचं चक्र सुरू होतं, श्वासही स्वतःचा चालतो, पण सांगितलेलं काही करत नाही आणि नजर कशावर ठरत नाही. जेनेट आणि प्लम यांनी १९७२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या अवस्थेला व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हटलं. तिच्या एक पायरी वरची ती मिनिमली कॉन्शस स्टेट. तिचे निकष २००२ मध्ये ठरले. यात माणूस कधी नजरेने पाठलाग करतो, कधी सांगितल्यावर हात हलवतो, पुढच्या तासाला पुन्हा काहीच नाही. हे 'कधी कधी' लक्षात ठेवा, सगळी गडबड त्यातच आहे.

आता जोडण्या. त्या दोन तऱ्हांनी मोजतात. पहिली तऱ्हा रचनेची: पांढऱ्या द्रव्यातले तंतू शाबूत आहेत की नाहीत, हे पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून डिफ्यूजन एमआरआय दाखवतो. दुसरी कार्याची. एफएमआरआयमध्ये माणूस नुसता पडून असतानाही मेंदूच्या प्रत्येक भागातली रक्तातल्या प्राणवायूची पातळी संथपणे वरखाली होत असते. ज्या दोन भागांची लय जुळते ते 'जोडलेले' धरायचे. यात रुग्णाने काहीही करावं लागत नाही, म्हणून ही पद्धत या रुग्णांसाठी इतकी वापरली गेली. पण ही जोडणी म्हणजे निव्वळ लयीचं साम्य. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्यांतले दिवे रोज एकाच वेळी लागत-मालवत असतील, तर त्यांच्यात वायर असेलच असं नाही. दोघांचं बटण तिसरीकडेच असू शकतं.

सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो डिफॉल्ट मोड नेटवर्कचा. मेंदूच्या मागच्या बाजूला आत दडलेला प्रीक्युनिअस आणि पोस्टेरिअर सिंग्युलेट, पुढचा मधला भाग आणि दोन्ही बाजूंचे पॅरिएटल भाग, असं हे जाळं. आपण स्वतःशीच विचार करत बसतो तेव्हा हे जोरात असतं. बेल्जियममधल्या लीएजच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की या जाळ्यातली जोडणी निरोगी माणसापासून मिनिमली कॉन्शस, व्हेजिटेटिव्ह आणि कोमा अशी उतरत जाते. त्यात लॉक्ड-इन झालेल्या, म्हणजे शरीर पूर्ण लुळं पण भान पूर्ण असलेल्या रुग्णाची जोडणी निरोगी लोकांसारखीच निघाली. हालचाल आणि भान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

पुढे २०१९ मध्ये अथीना डेमेर्त्झी आणि सहकाऱ्यांनी सरासरी काढायचं सोडून क्षणोक्षणीचे आकृतिबंध बघितले. निरोगी मेंदू सतत एका आकृतिबंधातून दुसऱ्यात जातो. त्यातला एक फार गुंतागुंतीचा असतो, लांबलांबचे भाग एकमेकांशी बोलतायत असा. प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांचा मेंदू बहुतेक वेळ दुसऱ्याच, क्षीण आकृतिबंधात असतो, आणि त्याचा नकाशा तंतूंच्या नकाशासारखाच दिसतो. थोडक्यात, रस्ते जिथे आहेत तेवढीच वाहतूक, त्यापलीकडे नवं काही घडत नाही.

इथे भूलशास्त्र, फिजिओथेरपी, नर्सिंगमधले लोक आहेत हे माहीत आहे. तुमचा अनुभव लिहा. घरी असा रुग्ण असलेल्यांनीही जरूर लिहावं.

मध्यान्ह

वाचतोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

केतकी_र

धागा काढल्याबद्दल आभार. माझा मोठा भाऊ अपघातानंतर या अवस्थेत आहे. दोन वर्षं उलटून गेली. ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र आहे, पोटातून नळीने जेवण. मध्यंतरी एका ठिकाणी स्कॅन केला. रिपोर्टमध्ये एक ओळ आहे: डिफॉल्ट मोड नेटवर्कमधली कार्यात्मक जोडणी लक्षणीय कमी. तिथल्या डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि "म्हणजे आशा ठेवू नका" म्हणाले. दोन मिनिटांत संपलं.

माझा प्रश्न सरळ आहे. या ओळीवरून तसं म्हणता येतं का? आणि दुसरं, मी त्याची दाढी करून झाल्यावर आरसा समोर धरते तेव्हा त्याचे डोळे आरशाबरोबर सरकल्यासारखे वाटतात. डॉक्टरांनी टॉर्च आणि बोट फिरवून बघितलं, तेव्हा काही नाही. त्यांच्या मते ती माझी समजूत आहे.

संथवाहिनी

केतकीताई, आरशाबद्दल फिजिओवाले माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी फक्त रिपोर्टच्या ओळीबद्दल बोलते.

कमी म्हणजे कोणापेक्षा कमी? वर मी दिलेले सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. व्हेजिटेटिव्ह रुग्णांच्या गटाची सरासरी मिनिमली कॉन्शस गटापेक्षा खाली असते, हे खरं. पण दोन्ही गटांतली माणसं एकमेकांत मिसळलेली असतात. एकट्या माणसाचा आकडा घेऊन "हा या गटातला" म्हणणं फार अवघड.

शिवाय आकडा येतो कुठून ते बघा. स्कॅनरमध्ये डोकं अर्धा मिलिमीटर हललं तरी खोट्या जोडण्या उमटतात आणि खऱ्या पुसल्या जातात. हे रुग्ण हलतात, खोकतात, दात खातात. मग हलू नयेत म्हणून गुंगीचं औषध दिलं, तर त्या औषधानेच जोडण्या क्षीण होतात. रिपोर्टमध्ये गुंगी दिली होती का, हे लिहिलंय का बघा.

आणखी एक, जे रिपोर्ट वाचणाऱ्याला कधीच दिसत नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक मेंदू ताणून-दाबून एका प्रमाणित साच्यात बसवतं आणि मग साच्यातल्या ठरावीक जागी मोजतं. जबर इजा झालेल्या मेंदूत वेंट्रिकल, म्हणजे आतल्या पाण्याच्या पोकळ्या, फुगलेले असतात, ऊती आक्रसलेली असते. मी बघितलेल्या एका स्कॅनमध्ये पोस्टेरिअर सिंग्युलेट म्हणून जो ठिपका धरला होता, तो पडला होता चक्क वेंट्रिकलच्या पाण्यात. निकाल आला 'जोडणी नाही'. येणारच, पाण्याची लय कशाशी जुळणार! कोणीतरी कच्ची चित्रं एकेक करून डोळ्यांनी तपासली म्हणून ते सापडलं. तुमच्या बाबतीत तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण त्या एका ओळीच्या जोरावर "आशा ठेवू नका" म्हणणं मला पटत नाही.

भूलशास्त्री

चांगला धागा. माझ्या बाजूने थोडी भर, थोडा विरोध.

आम्ही रोज माणसांचं भान घालवतो आणि परत आणतो, त्यामुळे या जोडण्यांच्या आकड्यांकडे मी जरा संशयाने बघतो. २००७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका कामात खोल भुलीखालच्या माकडांच्या मेंदूतही ही जाळी लयीत सापडली. म्हणजे जाळं दिसलं की भान आहेच असंही नाही. दोन्ही बाजूंनी फसायची सोय आहे.

माझ्या मते मूळ दुखणं बरेचदा मधे असतं, थॅलॅमस नावाच्या मेंदूच्या मधोमध असलेल्या केंद्रात. न्यूरॉलॉजिस्ट निकोलस शिफ यांची मांडणी अशी: थॅलॅमसचा मधला भाग पुढच्या कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, जागं ठेवतो. इजेमुळे चेतापेशी मेल्या किंवा तंतू तुटले, की स्ट्रायाटमला पुरेसा पुरवठा होत नाही. मग पॅलिडमवरचा लगाम सुटतो (स्ट्रायाटम आणि पॅलिडम ही मेंदूच्या आतली दोन केंद्रं) आणि ते थॅलॅमसला दाबून धरतं. कॉर्टेक्स जिवंत असतं, पण मंदावलेलं. २००० सालीच लीएजच्या लोकांनी एका रुग्णात थॅलॅमस आणि पुढच्या कॉर्टेक्समधली बिघडलेली जोडणी तो शुद्धीवर आल्यावर पूर्ववत झालेली दाखवली होती.

नुसतं ऐकत बसण्यापेक्षा ठोकून बघणारी पद्धत मला जास्त आवडते. मिलानच्या मार्चेल्लो मास्सिमिनी यांच्या गटाने चुंबकीय झटका देऊन ईईजीवर, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूतली विद्युत हालचाल टिपणाऱ्या यंत्रावर, त्याचा प्रतिध्वनी मोजला. गाढ झोपेत किंवा प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाखाली एक ढोबळ लाट उठते आणि तिथेच विरते. जाग्या मेंदूत ती ठिकठिकाणी वेगवेगळ्या रूपात फिरते. हा प्रतिध्वनी संगणकावरच्या फाइलसारखा दाबून बघायचा. जितका कमी दाबला जातो तितका गुंतागुंतीचा. त्यातून जो आकडा निघतो त्याची सीमारेषा ०.३१. २०१६ च्या अभ्यासात मिनिमली कॉन्शस ३८ रुग्णांपैकी ३६ जण या रेषेच्या वर निघाले. आणि व्हेजिटेटिव्ह म्हणून नोंदलेल्या ४३ पैकी ९ जणसुद्धा.

अवांतर: केटामिन हे भुलीचं औषध दिलेला माणूस बाहेरून गप्प असतो, पण हा आकडा वरच राहतो. उठल्यावर तो स्वप्नं सांगतो!

तिरकस_रेघ

सगळं वाचलं. मला एक कळत नाही. मेंदूत कुठेतरी रक्त वाहिलं, कुठेतरी लाट उठली, म्हणजे माणूस आत बसलाय हे कसं? टेनिसवाल्या बाईची गोष्ट दरवेळी चघळली जाते. "टेनिस" हा शब्द कानावर पडला आणि मेंदूने सवयीने उसळी मारली, यापलीकडे काय आहे त्यात? आणि यातून घरच्यांच्या हाती काय लागतं? नुसती आशेला लावलेली कळ. अशी यंत्रं आहेत मोजक्या संशोधन केंद्रांत. बाकीच्यांनी काय करायचं?

संथवाहिनी

@तिरकस_रेघ, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता आणि रास्त होता. ती गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण ती नेहमी अर्धवट सांगितली जाते.

२००६ साली मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या गटाने रस्ते अपघातानंतर व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या २३ वर्षांच्या बाईला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळत असल्याची कल्पना कर. हालचालींची आखणी करणारा सप्लिमेंटरी मोटर भाग उजळला. मग सांगितलं, स्वतःच्या घरात खोल्याखोल्यांतून फिरतेयस अशी कल्पना कर. तर जागा ओळखण्याशी संबंधित दुसराच भाग उजळला. शब्द ऐकून उठणारी उसळी काही सेकंदांत ओसरते. इथे प्रत्येक वेळी प्रतिसाद ३० सेकंद टिकून होता. सवयीने हे होणं कठीण आहे.

२०१० मध्ये पुढची पायरी. ५४ रुग्णांपैकी ५ जणांना अशी कल्पना करून मेंदूतली हालचाल बदलता आली. त्यातल्या एकाला सांगितलं, 'हो' म्हणायचं तर टेनिस, 'नाही' म्हणायचं तर घर. घरच्यांबद्दलच्या सहा प्रश्नांपैकी पाचांची उत्तरं बरोबर आली. सहाव्याला उत्तरच आलं नाही.

आणि २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात सहा केंद्रांचा मोठा अभ्यास आला. सांगितलेलं काहीच न करणारे २४१ जण होते. एफएमआरआय किंवा ईईजीवर त्यांतले ६०, म्हणजे चारात एक, सूचना पाळताना सापडले. याला आता कॉग्निटिव्ह मोटर डिसोसिएशन म्हणतात.

पण माझ्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. त्याच अभ्यासात असे ११२ रुग्ण होते जे खाटेवर उघड उघड सूचना पाळत होते. त्यांच्यापैकी फक्त ३८ टक्के जण यंत्रावर दिसले. बाकीच्यांना भान होतं, सगळ्यांना दिसत होतं, यंत्र मात्र 'काही नाही' म्हणालं. मन एकाग्र करणं थकवणारं असतं, कोणाला झोप येते, कोणाला सूचना कळत नाही. त्यामुळे उत्तर 'हो' आलं तर ते मोठं. 'नाही' आलं तर त्यातून निष्कर्ष काढू नये. केतकीताईंच्या रिपोर्टला हेच लागू होतं.

तिरकस_रेघ

११२ चा आकडा माहीत नव्हता. तो मुद्दा मान्य. यंत्रं किती जणांच्या वाट्याला येणार, हा माझा प्रश्न मात्र तसाच उभा आहे.

पायवाट

मी न्यूरो-फिजिओ. @तिरकस_रेघ, म्हणूनच यंत्राच्या आधी खाट! २००९ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आम्हाला पाठच असतो. डॉक्टर-नर्स यांच्या एकमताने व्हेजिटेटिव्ह ठरलेले ४४ रुग्ण प्रमाणित पट्टीवर तपासले, तर १८ जण मिनिमली कॉन्शस निघाले. ४१ टक्के! त्याला स्कॅनर लागला नाही. लागली कोमा रिकव्हरी स्केल-रिव्हाइज्ड नावाची पट्टी. कानावर, नजरेवर, हालचालीवर, तोंडावर, संवादावर, जागेपणावर मिळून ० ते २३ गुण. ती शिकायला फार पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. आणि एकदा करून भागत नाही. थोड्या दिवसांत किमान पाच वेळा करावी असं २०१७ मध्ये दाखवलं गेलं, कारण संथवाहिनी म्हणाली तेच, 'कधी कधी'.

तपासायच्या आधी मी बघते ती यादी अशी काही छापील नाही, पण: लघवीत जंतुसंसर्ग आहे का, आकडीच्या औषधाची मात्रा किती, कडकपणासाठी बॅक्लोफेन चालू आहे का (ते सुस्ती आणतं), आदली रात्र झोप झाली का, आत्ताच सक्शन (नळीने कफ ओढणं) केलंय का. झोपवून तपासू नये. टिल्ट टेबलवर (रुग्णाला बांधून हळूहळू उभं करायचं टेबल) किंवा आधार देऊन बसवलं की पुष्कळ जणांचे डोळे नुसत्या त्या बदलाने उघडतात. आणि डावा मेंदू दुखावला असेल तर भाषाच कळत नसेल, अशाला "हात उचल" सांगून काय उपयोग!

केतकी, तुझी समजूत नाही ती. निदान तशी धरून चालू नये. नजरेचा पाठलाग आम्ही आरशानेच तपासतो, कारण स्वतःचा चेहरा बघून जे डोळे सरकतात ते बोटामागे किंवा टॉर्चमागे बरेचदा सरकत नाहीत. यावर वेगळा अभ्यास झालेला आहे. नजरेने पाठलाग खरा ठरला, तर भाऊ व्हेजिटेटिव्हमध्ये बसत नाही. निदानच बदलतं.

जुनाट

जोडण्या तुटल्यात म्हणता, तर परत जुळतात का? औषध वगैरे काही? त्या अमेरिकन माणसाची बातमी वाचली होती, १९ वर्षांनी कोमातून उठून बोलला.

भूलशास्त्री

टेरी वॉलिस. १९८४ चा अपघात, २००३ मध्ये बोलायला लागला. १९ वर्षं कोमा नव्हता तो, बराच काळ मिनिमली कॉन्शस होता. बातम्यांनी कोमा करून टाकला. २००६ मध्ये त्याच्या डिफ्यूजन स्कॅनवरून नवे तंतू फुटले असावेत असं मांडलं गेलं. एकाच माणसावरून सगळ्यांसाठी हिशोब करू नये.

इजा कशाने झाली यावर पुष्कळ अवलंबून. अपघातात तंतू ताणले-तुटले जातात, पेशी बऱ्याच वाचलेल्या असतात. हृदय बंद पडून प्राणवायू तुटला तर कॉर्टेक्स आणि थॅलॅमसमधल्या पेशीच मरतात. म्हणून अमेरिकन न्यूरॉलॉजीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अपघातानंतर १२ महिने आणि इतर कारणांनी ३ महिने झाल्यावर 'क्रॉनिक' म्हणावं असं आहे. आधी 'पर्मनंट' म्हणत, तो शब्द काढला, कारण त्यानंतरही काही जण सुधारताना दिसले.

औषधांत नीट चाचणीत गुण दिसलेलं मुख्य म्हणजे अमँटाडिन. २०१२ मध्ये १८४ अपघातग्रस्तांवर, इजेनंतर ४ ते १६ आठवड्यांच्या काळात चार आठवडे दिलं. सुधारण्याचा वेग वाढला, औषध थांबवल्यावर मंदावला. दोन वर्षं उलटलेल्यांबद्दल ही चाचणी काही सांगत नाही. झोल्पिडेम, म्हणजे झोपेची गोळी, काहींना उलट जागं करते. ८४ जणांच्या चाचणीत असे ४ निघाले. थॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड बसवून २००७ मध्ये एका रुग्णाला बोलता आणि चावून खाता यायला लागलं, पण ते अजून संशोधनच. मनाने काही सुरू करू नका, अमँटाडिनने आकडी येऊ शकते.

मध्यान्ह

एक शंका. समजा यंत्रावर 'हो-नाही' कळलं, तर पहिला प्रश्न काय विचारायचा?

पायवाट

दुखतंय का. दुसरा काही नाही. २०१२ मध्ये ओवेन यांच्याच गटाने कॅनडात एका रुग्णाला तो विचारला, उत्तर 'नाही' आलं. इथे आपण अजून तो प्रश्न न विचारताच पाठीचे व्रण धुतो, सांधे ताणतो. माझं मत सांगते: निदान काहीही असो, वेदना आहे असं धरूनच हात लावावा, आणि खाटेशेजारी उभं राहून त्याच्याबद्दल "हा काय आता" छापाचं बोलणं तर पहिल्यांदा बंद.

भूलशास्त्री

+१

केतकी_र

सगळ्यांचे आभार. रिपोर्ट काढून बघितला. गुंगी दिल्याचं लिहिलंय, औषधाचं नाव आहे, मात्रा नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणार आहे.

@पायवाट, आरसा मी नक्की कसा धरू? आणि मीच केलेलं कोणी मानेल का?

पायवाट

मानायला लावायचं असेल तर व्हिडिओ काढ, आणि दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांग. फ्रेममध्ये आरसा आणि दोन्ही डोळे एकत्र दिसले पाहिजेत, नुसते डोळे नकोत.

त्याला टेकवून बसव, खोलीतला टीव्ही बंद. हातात धरायचा साधा आरसा चेहऱ्यासमोर १० ते १५ सेंटिमीटरवर धर, "आरशात बघ" म्हण आणि नजर ठरेपर्यंत थांब. मग हळूहळू एका बाजूला ४५ अंशांपर्यंत ने, परत मध्यावर, मग दुसऱ्या बाजूला. तसंच वर आणि खाली. प्रत्येक दिशेला दोनदा. नजर न तुटता पूर्ण टोकापर्यंत आली तरच मोजायची, अशी दोनदा तरी आली पाहिजे. दोन्ही डोळे एका रेषेत नसतील तर एक डोळा झाकून पुन्हा कर. सरकवताना तू बोलू नकोस, नाहीतर तो आवाजामागे वळतोय की आरशामागे हे कळणार नाही. तुझा चेहराही त्याला दिसता कामा नये, आरशामागे किंवा बाजूला राहा.

सकाळी एकदा, दुपारी एकदा, वेगवेगळ्या दिवशी. औषधाची वेळ आणि रात्रीची झोप वहीत लिहीत जा. जमलं नाही त्या वेळाही लिही, त्याच वगळल्या तर तो डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारेल. पहिले व्हिडिओ झाले की व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, बघून सांगते.